आर्द्रतेचा आकडा सेन्सरच्या पोटात कसा तयार होतो

डिसेंबरात निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या द्राक्षबागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सातच्या सुमारास ठरलेली चर्चा असते. कुणीतरी आपल्या वेदर स्टेशनचा स्क्रीनशॉट टाकतो, आर्द्रता ९९ टक्के. खाली लगेच प्रश्न येतो, "दादा, डाऊनीचं औषध काढायचं का आज?" (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.) तेवढ्यात शेजारचा लिहितो, "आमच्याकडं ९१ दाखवतंय. बांधाला बांध लागून आहे की आपला!" दोन्ही यंत्रं चालू, दोन्हींच्या बॅटऱ्या ठीक, आणि आकड्यांत आठ टक्क्यांचा फरक. फवारणीचा खर्च हजारांत असतो, तेव्हा हा फरक चेष्टेवारी नेण्यासारखा नाही.

या आकड्यामागे नखाएवढा एक तुकडा असतो. तो हवेतलं पाणी थेट मोजत नाही. त्याच्या अंगावर आणि छिद्रांत किती पाणी येऊन बसलं, त्यामुळे त्यातून वीज किती सहज वाहू लागली, एवढंच त्याला कळतं. त्यावरून हवेतल्या आर्द्रतेचा अंदाज बांधला जातो. हे गणित नेमकं कसं चालतं आणि कुठे फसतं, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते धातूंच्या ऑक्साइडांच्या मिश्रणातून बनवलेल्या सेन्सरांत. शेतातल्या बहुतेक यंत्रांत आज पॉलिमरचा म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा पातळ थर असतो हे खरं. पण ऑक्साइडचा सेन्सर समजला की त्याचंही बरंचसं वागणं कळतं.

आधी आर्द्रतेचं एक कलम मिटवून टाकू. यंत्र दाखवतं ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते, त्याच्या किती टक्के वाफ आत्ता आहे, असं ते गुणोत्तर आहे. १० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत साधारण ९.४ ग्रॅम वाफ मावते, २८ अंशांना २७.२ ग्रॅम. आता निफाडच्या थंडीत पहाटे १० अंश असताना हवेत ९ ग्रॅम वाफ आहे असं धरा. आर्द्रता झाली ९६ टक्के. दुपारी पारा २८ वर गेला, वाफ तीच ९ ग्रॅम, आणि आर्द्रता आली ३३ टक्क्यांवर. पाण्याचा एक थेंब कमी झाला नाही की वाढला नाही. म्हणून सेन्सरची पेटी उन्हात ठेवली आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा ६ अंशांनी तापली, तर ३३ च्या जागी २३-२४ दिसतात. सेन्सर खोटं बोलत नसतो, तो पेटीतल्या हवेबद्दल खरंच सांगत असतो.

आता त्या तुकड्याकडे येऊ.

झिंक ऑक्साइड, टायटेनियम डायऑक्साइड, टिन ऑक्साइड ही नेहमीची नावं. झिंक ऑक्साइड म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या मलमांत असतो तो, आणि टायटेनियम डायऑक्साइड भिंतीच्या पांढऱ्या रंगात. प्रयोगशाळेत यांच्या भुकट्या ठरलेल्या प्रमाणात खलात घोटतात, हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून वडी करतात आणि भट्टीत काहीशे अंशांवर, कधी हजाराच्या आसपासही, भाजतात. भाजताना कण एकमेकांना चिकटतात, पण वितळत नाहीत. त्यामुळे मधे सूक्ष्म पोकळ्या उरतात. दोन्ही बाजूंना चांदीची पेस्ट लावून तारा काढल्या की सेन्सर तयार. दुसरी पद्धत म्हणजे भुकटीची लेई करून ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकच्या) पट्टीवर स्क्रीन प्रिंटिंगने थर देणं. लग्नपत्रिका छापायला वापरत तसलीच जाळी आणि रबरी पट्टी इथेही चालते. या सगळ्या खटाटोपाचा उद्देश एकच, आत भरपूर पृष्ठभाग आणि भरपूर छिद्रं. काचेसारखी घट्ट, चकचकीत वडी निघाली तर ती इथे कुचकामी.

हवा अगदी कोरडी असताना या वडीतून वीज जवळजवळ वाहतच नाही. रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, शेकडो मेगाओममध्ये असतो, साधा मल्टिमीटर हात टेकतो. जी काही थोडी वीज जाते ती ऑक्साइडमधल्या इलेक्ट्रॉनांमुळे. त्यातही कणांच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटून बसलेला असतो आणि तो इलेक्ट्रॉन धरून ठेवतो.

वाफेचे पहिले रेणू येतात तेव्हा ते धातूच्या अणूंवर आपटून तुटतात. त्यांचे हायड्रॉक्सिल (ओ-एच) गट पृष्ठभागाशी रासायनिक बंधाने जखडले जातात. हा थर इतका पक्का असतो की हवा पुन्हा कोरडी झाली तरी तो निघत नाही, त्याला काहीशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. त्यावर बसणारा पाण्याचा पुढचा थर जरा सैल असतो, पण त्यातला प्रत्येक रेणू खालच्या दोन हायड्रॉक्सिलांना दोन हायड्रोजन बंधांनी बांधलेला असतो. दोन्हीकडून धरलेला रेणू वळू शकत नाही. म्हणून या टप्प्यापर्यंत पाणी आलेलं असूनही रोध फारसा उतरत नाही. ३०-४० टक्क्यांच्या खाली बरेच ऑक्साइड सेन्सर मंद वाटतात त्याचं कारण हे.

त्याच्यावरच्या थरात चित्र पालटतं. इथल्या रेणूला एकच बंध असतो. तो वळू शकतो, हलू शकतो, जवळजवळ द्रव पाण्यासारखा वागतो. शिवाय ऑक्साइडच्या पृष्ठभागालगत विद्युत क्षेत्र तीव्र असल्यामुळे पाण्याचं विघटन सोपं होतं. साध्या शुद्ध पाण्यात सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एखादाच रेणू तुटलेला सापडतो. पृष्ठभागावरच्या थरात हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त असतं. तुटलेल्या रेणूतला प्रोटॉन शेजारच्या पाण्याला चिकटतो आणि हायड्रोनियम आयन बनतो. तो आयन आपल्याकडचा प्रोटॉन पुढच्या रेणूला देतो, तो त्याच्या पुढच्याला. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात आणि माणसं आपापल्या जागीच उभी असतात, तसा प्रोटॉन पुढे सरकतो आणि रेणू जागेवर राहतात. पाण्यातून वीज जाण्याची ही कल्पना थिओडोर ग्रोटहुस याने १८०६ साली मांडली, तेव्हा पाण्याच्या रेणूची रचनासुद्धा कुणाला धड माहीत नव्हती! आज आर्द्रतेच्या सेन्सरवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, त्यात हे नाव आल्याशिवाय राहत नाही.

रांग जितकी सलग तितकं काम भराभर होतं. पाण्याचा थर तुटक असेल तर प्रोटॉन मधेच अडकतो. थर सलग झाला की रोध धाडकन कोसळतो. चांगल्या मिश्रणाच्या वडीत कोरड्या हवेपासून ९० टक्के आर्द्रतेपर्यंत रोध हजारपट, कधी दहा हजारपट घटतो. म्हणूनच याचा आलेख साध्या कागदावर काढत नाहीत, रोधाचा अक्ष लॉगरिदमिक घेतात, म्हणजे प्रत्येक पायरीला आकडा दहापट. साध्या कागदावर पहिल्या अर्ध्या भागात कडा दिसतो आणि पुढे सगळं तळाला चिकटलेलं.

शेवटचा टप्पा छिद्रांचा, आणि मला तो सगळ्यात रंगतदार वाटतो. बारीक छिद्रात वाफेचं पाणी १०० टक्के आर्द्रता होण्याआधीच होतं. किती आधी, ते छिद्राच्या त्रिज्येवर ठरतं. लॉर्ड केल्विनच्या सूत्रानुसार २५ अंशांना ५० टक्के आर्द्रतेत सुमारे दीड नॅनोमीटर त्रिज्येपर्यंतची छिद्रं भरतात. ८० टक्क्यांना ही मर्यादा पावणेपाच नॅनोमीटरच्या आसपास जाते, ९० टक्क्यांना १० वर आणि ९९ टक्क्यांना एकदम शंभराच्या पुढे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या आकड्यांकडे नीट पाहिलं तर सेन्सर बनवणाऱ्याची खरी डोकेदुखी दिसते. सगळी छिद्रं एकाच मापाची असतील तर रोध एकाच आर्द्रतेजवळ एकदम पडेल आणि बाकी पट्टा मुका राहील. लहानमोठी सगळ्या मापांची छिद्रं हवीत, तरच प्रत्येक टक्क्याला काही ना काही फरक दिसत राहतो.

आणि इथेच मिश्रण कामाला येतं.

एकच ऑक्साइड भाजला की कण वाढत जातात, एकमेकांत मिसळतात आणि छिद्रं बुजतात. दोन वेगळे ऑक्साइड एकत्र असले तर एकाचे कण दुसऱ्याच्या वाढीत आडवे येतात. परिणामी कण बारीक राहतात, छिद्रं टिकतात आणि मापंही वेगवेगळी मिळतात. दुसरा फायदा कणांच्या सीमेवर. झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइड हे एन प्रकारचे अर्धवाहक, म्हणजे त्यांच्यात वीज इलेक्ट्रॉन वाहतात. पाण्याने पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनला हुसकावलं की धरून ठेवलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध कमी होतो. कॉपर ऑक्साइड किंवा निकेल ऑक्साइड हे पी प्रकारचे. त्यांच्यात वीज धनभारित 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, वाहतात, आणि पाण्याकडून इलेक्ट्रॉन मिळाले की त्या जागा बुजून कमी आर्द्रतेत रोध उलट वाढूही शकतो. पी आणि एन कण शेजारी आले की सीमेवर विजेचा अडथळा उभा राहतो. त्या अडथळ्याची उंची पाण्याच्या थोड्याशा उपस्थितीनेही बदलते. ज्या कोरड्या पट्ट्यात एकट्या ऑक्साइडला काही कळत नाही, तिथे हा बदल उपयोगी पडतो. काही जण मिश्रणात लिथियम, सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार चिमूटभर घालतात. त्यांचे आयन पाणी ओढतात आणि स्वतःही वीज वाहतात. रोध छान उतरतो, पण ओल्या हवेत हे क्षार हळूहळू विरघळून निघून जायची भीती राहते. शोधनिबंधात असा सेन्सर झळकतो, वर्षभर बाहेर टांगल्यावर त्याची अवस्था काय होते ते फारसं कुणी छापत नाही.

मिश्र ऑक्साइडचं गाजलेलं उदाहरण जपानचं. मॅग्नेशियम क्रोमाइट आणि टायटेनियम डायऑक्साइड यांच्या सच्छिद्र सिरॅमिकवर मात्सुशिता कंपनीतल्या नित्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास काम प्रसिद्ध केलं. हा सेन्सर मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये गेला. पदार्थातून वाफ निघायला लागली की ओव्हनला कळावं, हे त्याचं काम. ओव्हनमध्ये तेलाची वाफ, मसाल्याचे कण सगळंच उडतं, त्यामुळे सेन्सर काही वेळात घाणेरडा होणारच. त्यावर उपाय म्हणून त्याच्याभोवती छोटा हीटर ठेवला. चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवून तो घाण जाळून टाकतो, आणि मघाशी म्हटलेला जखडलेला हायड्रॉक्सिलचा थरही त्यात निघतो. पॉलिमरच्या सेन्सरला असली आंघोळ घातली तर तो निकामी होईल.

रोध मोजायचा कसा, हीसुद्धा साधी गोष्ट नाही. बॅटरी जोडली आणि मल्टिमीटर लावला तर वाचन सरकत राहतं. कारण इथे वीज वाहणारे आयन आहेत. एकाच दिशेने ढकलत राहिलं तर ते इलेक्ट्रोडपाशी जाऊन साचतात आणि पुढच्यांना अडवतात. जास्त वेळ चालू ठेवलं तर पाण्याचं विघटन होऊन चांदीचा इलेक्ट्रोडही खराब होतो. म्हणून उलटसुलट होणारा ए.सी. प्रवाह वापरतात, बहुधा शंभर ते हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. वारंवारता खूप वाढवली, समजा एक लाख हर्ट्झ केली, तर सेन्सर बधिर होतो. विजेची दिशा इतक्या झटपट बदलते की पाण्याच्या थरातल्या भारांना मागेपुढे सरकायला वेळच मिळत नाही, आणि कोरड्या-ओल्या हवेतले आलेख एकमेकांच्या जवळ येऊन बसतात.

रोधाऐवजी धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजणारे सेन्सरही असतात. ही क्षमता पदार्थामुळे किती पट वाढते ते सांगणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ॲल्युमिनासारख्या सिरॅमिकचा ९-१० च्या घरात, तर द्रव पाण्याचा २५ अंशांना ७८. छिद्रात पाणी शिरलं की धारिता उडी मारते. संशोधक मंडळी रोध आणि धारिता दोन्ही एकत्र धरून वेगवेगळ्या वारंवारतेला आलेख काढतात. कोरड्या हवेत तो अर्धवर्तुळासारखा येतो. आर्द्रता वाढली की अर्धवर्तुळ लहान होत जातं आणि शेवटी त्याला तिरकी शेपटी फुटते. शेपटी दिसली की समजायचं, आता कणांपेक्षा पाण्यातल्या आयनांचीच सत्ता आहे.

आता पुन्हा बांधावर. यंत्र ९९ वर अडकून का बसतं?

पाणी छिद्रात शिरायला लागतो त्यापेक्षा निघायला जास्त वेळ लागतो. तोंड अरुंद आणि पोट मोठं असलेल्या छिद्रात तर पाणी कोंडूनच राहतं. त्यामुळे हवा ओली होत असताना ८० टक्क्यांना जो रोध दिसतो, त्याहून कमी रोध हवा वाळत असताना त्याच ८० टक्क्यांना दिसतो. म्हणजे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आर्द्रता सांगतं. सकाळी नऊला ऊन पडून हवा वाळू लागलेली असते, पण पहाटे दवात भिजलेला सेन्सर अजून रात्रीच्याच गप्पा मारत असतो. त्यात ९५ च्या वर बहुतेक छिद्रं भरून गेलेली असतात. आणखी पाणी आलं तरी रोधात सांगण्याजोगा फरक पडत नाही. शेतकऱ्याला ज्या पाच टक्क्यांची सगळ्यात जास्त गरज, त्याच पाच टक्क्यांत सेन्सर सगळ्यात कमी भरवशाचा.

तिसरं कारण फवारणीचं. फवारणीचा ब्लोअर फिरला की गंधकाची धूळ, विद्राव्य खतांचे क्षार, बोर्डोचे (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाचे) कण पेटीच्या जाळीतून आत जातात. विरघळणारे क्षार सेन्सरवर बसले की ते पाणी ओढतात आणि आयनही पुरवतात. हवा तीच, पण रोध कमी, आकडा वर. बांधाला बांध लागून असलेल्या दोन स्टेशनांत फरक पडायला एवढं पुरेसं आहे.

पण मला यापेक्षा मोठा मुद्दा वेगळाच वाटतो. डाऊनीच्या बुरशीला पानावर काही तास टिकणारं पाणी लागतं. हवेतली आर्द्रता ही त्याची दूरची साक्षीदार. १५ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव पडू लागतं तो, १४.२ अंश येतो, ९२ टक्क्यांना १३.७. निरभ्र रात्री पान हवेपेक्षा एक-दोन अंशांनी सहज थंड होतं. म्हणजे यंत्रावर ९२ असतानाही पान ओलं असू शकतं, आणि ढगाळ, वारा असलेल्या रात्री ९६ असूनही कोरडं. माझं मत स्पष्ट आहे. आर्द्रतेच्या एकट्या आकड्यावर डाऊनीची फवारणी ठरवू नये. पानाचा ओलावा मोजणारा वेगळा सेन्सर असतो, त्यावर किती तास ओल टिकली ते आणि तापमान एकत्र पाहावं. भुरी हा दुसरा बुरशीचा रोग, तिचं गणित निराळं, तिला पानावर साचलेल्या पाण्याची गरज नसते.

कांद्याच्या चाळीत मात्र हाच सेन्सर जास्त विश्वासाने वापरता येतो. उन्हाळ कांदा साठवायला ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली मानतात. हा पट्टा सेन्सरच्या सोयीचा आहे, पाण्याचा थर सलग झालेला आणि मोठी छिद्रं अजून रिकामी. फक्त तो ढिगाच्या मधे, जमिनीपासून वर असावा, दाराशी टांगलेला नको.

सेन्सर घरी तपासायची एक जुनी, स्वस्त पद्धत आहे. काही मिठांच्या संपृक्त द्रावणावरची बंद हवा ठरावीक आर्द्रतेवर स्थिर होते. खायच्या बारीक मिठात थोडंसंच पाणी घालून ओला लगदा करा, मीठ न विरघळता शिल्लक दिसलं पाहिजे. बाटलीच्या बुचात तो भरून सेन्सरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा, सावलीत. लगदा सेन्सरला लागू देऊ नका. सकाळी डबा न उघडता आकडा पाहा, २५ अंशांच्या आसपास तो ७५ च्या जवळ यायला हवा. खडे मीठ घेऊ नका, त्यातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे आकडा खाली जातो. दुसरा बिंदू हवा असेल तर बेदाणा करताना द्राक्षं ज्यात बुडवतात ते पोटॅशियम कार्बोनेट बऱ्याच बागायतदारांच्या घरी असतंच. त्याच्या लगद्यावर ४३ टक्के मिळतात, हातमोजे घालूनच हाताळा. दोन्हीकडे सारखीच चूक, म्हणजे ७५ च्या जागी ७९ आणि ४३ च्या जागी ४७ येत असतील, तर चार वजा करून काम भागतं. एका बिंदूला बरोबर आणि दुसऱ्याला चूक असेल तर नुसत्या वजाबाकीने भागणार नाही, यंत्रात दोन्ही बिंदू धरून नवी दुरुस्ती घालावी लागेल. एकाच डब्यात रोज वेगळा आकडा येत असेल तर सेन्सर बदललेला बरा. ही तपासणी ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकावी, एकदा फवारण्या सुरू झाल्या की सेन्सर काढून डब्यात ठेवायला कुणाला सवड नसते.